चमेलीबाईची गोरसी

दुर्गेश्वरी पटले रुग्णाच्या खाटेशी येऊन बसली की सुरुवातीला ती काहीच करत नाही, असे पाहणाऱ्याला वाटते. पांघरुणावर, छातीच्या थोडा खाली, ती तळहात ठेवते आणि त्याच्या श्वासाबरोबर आपला श्वास घेऊ लागते. त्याने घेतला की ती घेते, त्याने सोडला की सोडते. वेदनेत असलेल्या माणसाचा श्वास तोकडा आणि वरवरचा असतो. थोड्या वेळाने तिलाही धाप लागते आणि मग फारसे विचारावे लागत नाही. नागपूरच्या प्रशिक्षणात तिला वेदना आकड्यांत विचारायला शिकवले होते. पण आकडा विचारला की कोहमाऱ्याच्या पलीकडच्या जंगलपट्टीतली माणसे परीक्षेला बसवल्यासारखी गप्प होतात, नाहीतर बाईला बरे वाटावे म्हणून एखादा लहानसा आकडा सांगून मोकळी होतात.

तिचे माहेर दवनीवाड्याचे, धान पिकवणाऱ्या पोवार घरातले. नोकरीची पहिली वर्षे तिने प्रसूतीच्या वॉर्डात काढली. पुढे ग्रामीण रुग्णालयात वेदनाशमनाचे पथक निघाले तेव्हा ती आपणहून त्यात गेली. पथक म्हणजे एक डॉक्टर, ती स्वतः आणि तिची पांढरी स्कूटी. बरे न होणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णांना घरी जाऊन पाहायचे, जखमा धुवायच्या, वेदनेचे औषध पोहोचवायचे आणि ते कसे द्यायचे हे घरच्यांना शिकवायचे. पहिल्या वर्षातच गावांना त्या स्कूटीचा अर्थ कळला होता. ती ज्या दारापुढे नेमाने थांबू लागते, त्या घरात पुढची धानकापणी येईपर्यंत एक माणूस कमी झालेले असते. हा अर्थ चुकीचा नव्हता.

"बाई, गाडी थोडी समोर घ्या जी," पतिराम मडावी या तिच्या रुग्णाच्या शेजारचा कवडू दर खेपेला म्हणे. "माया दारापुढं नोका लावू. मी आत्ताच नवा बैल आणला."

"तुझ्या बैलाला काही होत नाही."

"बैलाचं कोन म्हणून राहिला? मायं म्हणून राहिलो." गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरूनच तो हसे.

"तो खर्रा थुंक. मग गाडी दुसरीकडं लावते."

"मंग तुमी अठी कायले आल्या असत्या? आमच्याच भरवशावर तं तुमची नोकरी हाये."

ती हसून पुढे जाई. पण गाडी लावताना तिचे लक्ष त्याच्या तोंडाकडे जाई आणि तो पूर्वीइतका मोठ्याने हसतो की नाही, हे ती नकळत पाही.

पतिरामचे सारे आयुष्य वनमजुरीत गेले होते. जाळरेषा कापणे, वणवा विझवणे, तोडलेले लाकूड खांद्यावरून गाडीपर्यंत आणणे. खर्ऱ्याचा तोबरा दिवसभर त्याच गालात राही, ज्या गालात पुढे गाठ उठली. नागपूरला किरणांचे शेक झाले, औषधे झाली. काही काळ बरे गेले आणि मग गाठ गालातून बाहेर आली. जबडा आतून आवळत गेला आणि शेवटी दातांच्या फटीतून फक्त नळीने पेज जाई. नाकातली नळी त्याने स्वतःच उपटून टाकली होती. आता दवाखाना नको, जे व्हायचे ते घरी, हे त्याने डॉक्टरांना हाताच्या खुणेने सांगितले होते आणि डॉक्टरांनी ते मान्य केले होते.

त्याच्या घरातच दुर्गेश्वरीला आकड्यांऐवजी ओझी सापडली. "काकाजी, आज किती ओझं आहे?" असे ती विचारी. तेंदूपानाचा पुडा, जळणाची मोळी, धानाचे पोते, सागाचा ओंडका. पतिरामला हे लगेच समजले. तो दोन्ही हातांनी हवेत कवळ करून दाखवी: मोळी. पुढच्या खेपेलाही मोळी, त्याच्या पुढच्या खेपेलाही मोळी. ती त्याप्रमाणे औषधाचा अंदाज बांधी. त्याचा श्वास मात्र तिच्या तळहाताला वेगळे काही सांगत होता.

शेवटी चमेलीबाईने तिला ओसरीवर गाठले. चमेलीबाई पतिरामची बायको, माहेरची छत्तीसगडची, डोंगरगडकडची. ती कमी बोले, आणि बोलली की फटकन बोले.

"मोळी म्हणते म्हणून तुमी मोळीच समजता का बाई? हा माणूस ओंडका खांद्यावर घेऊन दिवसभर चालला, तरी घरी येऊन मोळीच म्हने. एकदा पाय सुजला होता, हाड तुटलं होतं, तवाही मोळीच."

"मग रात्री काय होतं?"

"रात्री भिंत खरवडते."

दुर्गेश्वरीने आत जाऊन पाहिले. खाटेलगतच्या मातीच्या भिंतीला, डोके टेकते त्या उंचीवर, नखांनी खरवडलेला खोलगट डाग होता. सारवलेल्या भिंतीत तो जुना वाटत नव्हता.

त्या आठवड्यात डॉक्टरांनी औषध बदलले. गोळ्या कुस्करून नळीतून देण्याचे दिवस संपले होते. निम्मे औषध गालातल्या जखमेतून बाहेर येई. एका संस्थेकडून फेंटॅनिलच्या पट्ट्या मिळत होत्या. छातीच्या वरच्या भागावर चिकटवायची, तीन दिवस राहू द्यायची. कातडीतून औषध थेंबाथेंबाने रक्तात उतरत राहते. दुर्गेश्वरीने पट्टी लावली आणि सून रीना, मुलगा पिंटू व चमेलीबाई या तिघांना समोर बसवून नियम सांगितले. पट्टी कापायची नाही. एकावर दुसरी लावायची नाही. काढलेली घडी करून मला परत द्यायची. आणि हिला उष्णता चालत नाही; गरम पाण्याची पिशवी लावू नका, विजेचे ब्लँकेट घालू नका.

हे वाक्य तिने प्रशिक्षणात ऐकले होते तसेच म्हटले. तिघांनीही माना डोलावल्या. त्या घरात गरम पाण्याची पिशवी नव्हती आणि विजेचे ब्लँकेट कोणी पाहिलेही नव्हते, म्हणून तो नियम आपल्यासाठी नाही हे त्यांना सरळच कळले. पुढचे काही दिवस पट्टीने थोडा आराम दिला. पतिराम भिंतीकडे पाठ करून पडू लागला. त्याच सुमारास थंडी वाढली. सकाळी धानाच्या बांध्यांवर धुके बसू लागले आणि नवेगावच्या बाजूने येणारे वारे घराच्या कुडातून आत शिरू लागले.

त्या दिवशी दुर्गेश्वरी पोहोचली तेव्हा ऊन नुकतेच अंगणात उतरले होते. कवडू दारात नव्हता. रीना तिला पाहताच पुढे आली, आणि त्या घरात दुर्गेश्वरीने प्रथमच कोणाला हसताना पाहिले.

"बाबा झोपले जी. कालच्या सांजेपासून झोपले. एकदाही कण्हले नाईत. पिंटू तं गाणं म्हणत टिपरवर कामाले गेला."

"काही प्यायले?"

"उठवलंच नाई. इतक्या दिसानं झोपले, कोन उठवल?"

आत चमेलीबाई भिंतीला टेकून, गुडघ्यांत डोके घालून, गाढ झोपली होती. खोली उबदार होती. बाहेरच्या गारठ्यातून आलेल्या दुर्गेश्वरीने स्वेटरची बटणे सोडली, पिशवी खाली ठेवली आणि नेहमीप्रमाणे खाटेशी बसून पांघरुणावर तळहात ठेवला.

पतिरामने श्वास घेतला. तिने घेतला. त्याने सोडला, तिने सोडला. मग ती थांबली. तळहाताखाली काही हालले नाही. ती अजून थांबली. छाती आतून ओढू लागली तशी नाइलाजाने तिने आपला श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला, आणि तेव्हा कुठे पांघरुणाखाली एक लहानशी, आळसावलेली हालचाल झाली. तो पुढच्या श्वासाची वाट पाहत नव्हता. ती पाहत होती.

"काकाजी. ओ काकाजी."

तिने खांदा हलवला, छातीचे हाड बोटांच्या पेरांनी चोळले. त्याची भुवई किंचित आवळली आणि सैल झाली. पापणी उचलून पाहिली तर डोळ्याची बाहुली मोहरीच्या दाण्याएवढी आकसलेली. तिने सदरा बाजूला करून पट्टीवर बोट ठेवले. पट्टी गरम होती. तव्याजवळ ठेवलेल्या कापडासारखी गरम होती.

मग तिला गोरसी दिसली. खाटेखाली, त्याच्या छातीच्या बाजूला, मातीचे काळपट रुंद भांडे. वर राखेची साय आणि सायीखाली लालसर धगधगते निखारे. छत्तीसगडच्या घरांत बाळंतिणीला आणि तान्ह्या मुलाला शेक देण्यासाठी ही शेगडी करतात. खोलीत शिरताच जाणवलेली ऊब तिथून येत होती, आणि त्या उबेसाठीच आपण स्वेटरची बटणे सोडली, हे तिच्या लक्षात आले.

तिने पट्टी ओढून काढली. "रीना, ही बाहेर ने. आत्ताच्या आत्ता. दार उघडं टाक."

त्या आवाजाने चमेलीबाई जागी झाली. सून गोरसी उचलून बाहेर नेते आहे, नवऱ्याच्या अंगावरचे पांघरूण दूर झाले आहे आणि नर्सबाई ओल्या कापडाने त्याची छाती पुसते आहे, हे सगळे तिने एकाच नजरेत पाहिले. घाबरून ती आपल्या माहेरच्या बोलीत, झोपलेत, उठवू नका, असे म्हणू लागली.

"सुते हे. झन उठावव. सुते हे वो."

"काकी, ही झोप नाही."

"कायले नाई? आठ दिस मी देवाले मागून राहिली होती, एक रात झोपू दे. तुमी काऊन काढून राहिल्या पट्टी?"

दुर्गेश्वरीने डॉक्टरांना फोन लावला आणि एका हाताने पतिरामची हनुवटी वर धरून ठेवली, घशाची वाट मोकळी राहावी म्हणून. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतले. त्याला दवाखान्यात आणायचे नाही, हे ठरलेले होते. पण हे त्याच्या रोगाचे मरण नव्हते, आपल्या औषधाचे होते, आणि ते येऊ देता येत नव्हते. पट्टी काढली तरी कातडीखाली साठलेले औषध पुढे बराच वेळ उतरत राहणार होते. तिच्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात उताऱ्याचे इंजेक्शन होते. ते तिने आजवर कधी फोडले नव्हते.

"थोडं थोडं द्या सिस्टर," डॉक्टर म्हणाले. "फक्त श्वासापुरतं. जास्त गेलं तर सगळी वेदना एकदम परत येईल. मी निघतोच आहे."

जे औषध श्वास परत आणते तेच वेदनाही परत आणते, हे तिला ठाऊक होते. हाताखालच्या माणसाला त्यातले किती द्यायचे, एवढेच तिला ठरवायचे होते. तिने इंजेक्शन पातळ केले, शीर शोधली आणि किंचित दिले. थांबली. छाती हलली नाही. पुन्हा किंचित. चमेलीबाई पायथ्याशी उभी राहून सुईकडे पाहत होती. रीनाने उघडलेल्या दारातून गार वारा सरळ खाटेवर येत होता.

तिसऱ्या खेपेला पतिरामने श्वास घेतला आणि लगेच दुसरा घेतला. तिने सुई बाजूला केली. एकामागून एक श्वास येऊ लागले, आधी लांब, मग तोकडे, मग तिच्या ओळखीचे वरवरचे. त्याच्या कपाळावर घाम फुटला. हात खाटेच्या कडेला गेला आणि दोरी आवळू लागला. वेदना आपल्या जागी परत आली होती.

त्याने डोळे उघडले. आधी दुर्गेश्वरीकडे पाहिले, मग तिचा तळहात आपल्या छातीवरून उचलून बाजूला ठेवला. आवळलेल्या दातांतून त्याने काही म्हटले. ते फक्त चमेलीबाईला समजत असे.

"काय म्हणतात?"

चमेलीबाईने पांघरूण पुन्हा त्याच्या अंगावर ओढले.

"काऊन उठवलं, म्हणते."

त्या दुपारी डॉक्टर आले, पाहून गेले. रक्तातले औषध उतरेपर्यंत नवे काही देता येत नव्हते. दुर्गेश्वरी खाटेशी बसून राहिली. झोप पुन्हा खोल जाते आहे का, हे पाहण्यासाठी तिला त्याच्या वेदनेवर नजर ठेवावी लागत होती. तो कण्हला की तिला बरे वाटे, आणि बरे वाटल्याचे तिचे तिलाच सहन होत नसे. ऊन कलल्यावर डॉक्टरांनी सांगितलेले थेंब तिने त्याच्या चांगल्या गालात सोडले. नवी पट्टी उद्या, आधीपेक्षा कमी ताकदीची.

निघण्यापूर्वी तिला सांगणे भाग होते. सगळ्यांना ओसरीवर बसवून तिने सांगितले की गोरसीच्या धगीने पट्टीतले औषध एकदम उतरले. तीन दिवसांत जायचे ते एका रात्रीत जाऊ लागले. यापुढे खोलीत आग नको. अंगावर घोंगडे घाला, कूड कापडाने बुजवा, पण आग नको. टिपरवरून परतलेल्या पिंटूने मान खाली घातली. "मायनंच ठेवली," एवढेच तो म्हणाला, आणि रीनाने त्याला कोपराने गप्प केले.

"चूक तुमची नाही," दुर्गेश्वरी म्हणाली. "मी पिशवी आणि ब्लँकेट सांगितलं. चुलीचं, गोरसीचं सांगितलंच नाही."

चमेलीबाई तिच्याकडे टक लावून पाहत होती.

"बाई, आग तशीच राहिली असती तं?"

"तर ते उठले नसते."

"दुखलंही नसतं."

दुर्गेश्वरीला खोटे बोलता आले असते. "नाही," ती म्हणाली. "दुखलं नसतं."

चमेलीबाई उठून आत गेली. स्कूटी सुरू करताना दुर्गेश्वरीला कळले की नियम सांगताना आपण आणखी एक गोष्ट त्या घरात ठेवून आलो आहोत. न सांगता चालले नसते. पण सांगितलेले आता परत घेता येणार नव्हते, आणि घरात निखारे रोजच असतात.

त्यानंतरचे दिवस तिने ज्या तऱ्हेने काढले, ते तिने डॉक्टरांनाही सांगितले नाही. दर खेपेला दारातून शिरताच तिची नजर आधी खाटेखाली जाई, मग कोपऱ्यात, मग चुलीकडे. गोरसी कुठेच दिसत नसे. दिसली असती तर उचलून नेता आली असती. ती विचारू शकत नव्हती; विचारणे म्हणजे आरोप करणे, आणि कदाचित सुचवणेही. चमेलीबाई रात्रभर जागी राहते, असे रीना सांगे. झोप म्हटले तर म्हणते, मी पहारा देऊन राहिली. कोणावर पहारा, हे रीनाने विचारले नव्हते.

पतिरामची जखम मानेपर्यंत उतरली. पट्टीची ताकद हळूहळू पूर्वीएवढी झाली, मग तिच्याहून वाढली. दुर्गेश्वरी जखम धुई, वास घालवणारी पूड भरी, तळहात ठेवून श्वास जुळवी. काही सकाळी श्वास बरा लागे आणि ते बरे लागणेच तिला घाबरवी. मग ती पट्टीवर बोट ठेवून पाही. पट्टी दर वेळी गार असे. पतिरामने तिला पुन्हा कधी ओझे दाखवले नाही. विचारले तर डोळे मिटून घेई. एकदा मात्र तिने तळहात ठेवला तेव्हा त्याने तो उचलला नाही, तसाच राहू दिला.

फोन आला तो पिंटूचा. "बाबा गेले जी. आत्ता, पेज देता देता." दिवस चांगला वर आला होता. कोहमाऱ्याच्या चौकातून वळताना, ट्रकांच्या रांगेत अडकलेली असताना, तिच्या मनात एकच प्रश्न होता आणि तो तिला लाजिरवाणा वाटत होता.

अंगणात माणसे जमली होती. कवडूही होता, तोंडावर दुपट्टा गुंडाळून, एका बाजूला उभा. त्याने गाडीबद्दल काही म्हटले नाही. दुर्गेश्वरी आत गेली. पट्टी काढून घेणे तिच्या कामाचा भाग होता, त्यामुळे तिने सदरा बाजूला केला तेव्हा कोणी काही विचारले नाही. पट्टी गार होती. भोवतालची कातडीही गार होऊ लागली होती, सगळीकडे सारखीच. खोलीत कुठेही धग नव्हती, राखेचा वास नव्हता. भिंतीवरचा खरवडलेला डाग कोणीतरी पुन्हा सारवला होता. तिने पट्टीची घडी केली.

चमेलीबाई ते पाहत होती.

माती देऊन माणसे परतली, बायका आंघोळींना गेल्या, तेव्हा चमेलीबाईने तिला खुणेने मागे बोलावले. गोठ्यामागे, जिथे शेण टाकतात तिथे, मातीच्या जाड खापऱ्यांचा ढीग होता. त्यावर थंडीभर दव पडून हिरवट बुरा चढला होता. एका तुकड्यावर बोटांनी ओढलेली नक्षी ओळखू येत होती.

"तुमी ज्या दिशी सांगितलं, त्याच दिशी फोडली," चमेलीबाई म्हणाली. "तुमची गाडी वळली, मंग फोडली."

दुर्गेश्वरी खाली बसली. तुकडा तिने हातात घेतला.

"माया आईनं केली होती. पिंटूले हिच्यावरच शेकला." चमेलीबाईने पदराने नाक पुसले. "तुमी येत होत्या तं खाटेखाली पाहत होत्या. मले दिसे."

"मग सांगितलं का नाही काकी?"

"काय सांगू? का मले ठेवावी वाटते म्हणून? रोज रात्री तो माया तोंडाकडे पाहे. बोलता येत नव्हतं, पन मागत होता. मले समजे." ती थांबली. "घरात राहिली असती तं मी ठेवली असती बाई. एका रात्री ठेवलीच असती."

घरातून रीनाने सासूला हाक मारली. चमेलीबाई उठली नाही. तिने दुर्गेश्वरीच्या हातातला तुकडा घेतला, त्यावरची नक्षी अंगठ्याने पुसली आणि तो पुन्हा ढिगावर, होता तिथेच, ठेवला.

"तरी चूल होती," ती म्हणाली. "चूल कशी फोडू."